घराचे उष्णतारोधन

घराचे छप्पर, भिंती, खिडक्या, जमीन आणि नळ यांतून होणारे उष्णतेचे संक्रमण मंद करण्याच्या उपाययोजनेस उष्णतारोधन असे म्हणतात. उष्ण प्रदेशात बाहेरील उष्णता आत येऊ न देणे आणि थंड प्रदेशात घरातील ऊब टिकवणे, ही दोन्ही कार्ये त्याने साधतात. घराच्या प्रत्येक भागात उष्णता शिरण्याचा मार्ग निराळा असतो, तसेच ओल, भार व आग यांचा धोकाही निराळा असतो. त्यामुळे एकच रोधक सर्वत्र उपयोगी पडत नाही.

तत्त्व

उष्णतेचे संक्रमण वहन, अभिसरण व प्रारण या तीन प्रकारांनी होते. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. काचलोकर, दगडी लोकर, थर्माकोल इत्यादी पदार्थांत हवा लहान लहान पोकळ्यांत अडकून राहते, म्हणून ते चांगले रोधक ठरतात. सलोह काँक्रीटची उष्णतावाहकता सुमारे १.६ वॅट प्रति मीटर-केल्विन, भरीव विटांची सुमारे ०.७ ते ०.८, तर थर्माकोल व काचलोकर यांची सुमारे ०.०३५ ते ०.०४ असते. थराच्या जाडीला वाहकतेने भागले असता त्याचा उष्णतारोध मिळतो. या हिशेबाने ५० मिलिमीटर चांगल्या थर्माकोलइतका रोध केवळ काँक्रीटने मिळवायचा झाल्यास दोन मीटरहून अधिक जाडीचा स्लॅब लागेल.

छप्पर

भारतात उन्हाळ्यात सूर्य मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर उष्णता प्रामुख्याने छपरातून येते. काँक्रीटच्या गच्चीवर रोधक स्लॅबच्या वरच्या बाजूस बसवणे अधिक चांगले. असे केल्याने स्लॅब स्वतः तापत नाही आणि तापमानातील चढउतारामुळे पडणाऱ्या भेगा कमी होतात. येथे वावरणाऱ्या माणसांचा भार व पावसाचे पाणी सोसणारा, बंद पोकळ्यांचा एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) हा फेस योग्य ठरतो. त्यावर संरक्षक थर व फिक्या रंगाच्या लाद्या घालतात. महाराष्ट्रात प्रचलित असलेला ब्रिकबॅट कोबा मुख्यतः जलरोधक आहे, त्याचा उष्णतारोध मर्यादित असतो.

पत्र्याचे छप्पर लवकर तापते व खाली राहणाऱ्यांवर प्रारणाने उष्णता फेकते. त्याखाली काचलोकर किंवा ॲल्युमिनियमचा चकचकीत पातळ पत्रा लावतात. हा पातळ पत्रा प्रारण अडवतो, परंतु त्याच्या चकचकीत बाजूस हवेची पोकळी ठेवणे आवश्यक असते. तो दोन्ही बाजूंनी चिकटवल्यास त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना भोके पाडू नयेत. त्यातून उडणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन गंभीर आजार उद्भवतात.

मराठवाडा व सोलापूर भागांतील माळवदाची घरे दुपारी थंड राहतात, ती मात्र मुख्यतः मातीच्या जाड थराच्या उष्णता साठवण्याच्या गुणामुळे. हा थर उष्णता पूर्णपणे अडवत नाही, तर ती आत पोहोचण्यास कित्येक तासांचा विलंब लावतो.

भिंती

उन्हाळ्यात पूर्व व पश्चिम भिंतींवर तिरपे ऊन पडते, म्हणून त्यांचा विचार आधी करावा. नव्या बांधकामात एएसी ठोकळे किंवा मध्ये पोकळी ठेवून बांधलेली भिंत उपयुक्त ठरते. लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ रचनेत विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवतात; त्यामुळे विटाही कमी लागतात. जुन्या भिंतीस बाहेरून रोधक लावणे चांगले. ओल येणाऱ्या भिंतीस आतून रोधक लावल्यास ओल झाकली जाते व बुरशी वाढते.

खिडक्या, जमीन आणि नळ

खिडकीचे ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. छज्जा, झडप किंवा चटई ही आतील पडद्यापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण काचेतून आत आलेली उष्णता बहुतांशी आतच राहते. उष्ण प्रदेशात तळमजल्याखालची जमीन बाहेरील हवेपेक्षा थंड असते, म्हणून तेथे फरशीखाली रोधक सहसा लागत नाही. लेहसारख्या थंड ठिकाणी मात्र तो आवश्यक असतो. सौर बंबाच्या गरम पाण्याच्या व वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांना नायट्राइल रबराच्या फेसाचे वेष्टन घालतात. उन्हात ते वेष्टन खराब होत असल्याने त्यावर आवरण द्यावे लागते.

सुरक्षितता

थर्माकोल व पॉलियुरेथेन हे ज्वलनशील असून जळताना विषारी धूर सोडतात, म्हणून ते उघडे न ठेवता गिलाव्याखाली झाकतात. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीस लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. बाहेरील ज्वलनशील आच्छादनामुळे ती आग वेगाने पसरली. स्वयंपाकघर व धुराड्याजवळ न जळणारी दगडी लोकर वापरणे इष्ट होय. लोकर हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी, आणि ती कोरडी राहील अशी व्यवस्था करावी. भिजलेली लोकर आपला गुण गमावते.

मर्यादा

रोधक उष्णता मंद करतो, नाहीशी करत नाही. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत, वातानुकूलन नसलेल्या घरात भिंतींना जाड रोधक लावण्यापेक्षा सावली व मोकळा वारा अधिक महत्त्वाचा ठरतो. ‘इको निवास संहिता २०१८’ या भारतीय संहितेतही निवासी इमारतींच्या छपरातून होणाऱ्या उष्णतासंक्रमणाच्या मर्यादेबरोबरच उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण दिलेले आहे. खर्च मर्यादित असल्यास प्रथम छपरास फिका रंग व रोधक, नंतर खिडक्यांवर बाहेरून सावली आणि शेवटी भिंती, हा क्रम सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो.