कार्ड मिळाले, धान्य का नाही?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर शिधापत्रिका उपयोगी पडते, आणि ती मिळाली की रेशनही सुरू होईल, असे अर्जदार धरून चालतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा ऑनलाइन अर्ज केला की कार्ड मिळू शकते. धान्य मात्र अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाच्या यादीत नाव चढल्यावरच. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य यादीत माणशी 5 किलो, आणि 2023 पासून तेही मोफत. ही यादी इष्टांकाने, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येने, बांधलेली आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील 76.32 टक्के आणि शहरी भागातील 45.34 टक्के लोकांना हक्क दिला, पण ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. म्हणून राज्याची मर्यादा सुमारे 7 कोटींवर थांबली. त्यानंतर जन्मलेली मुले, वेगळी झालेली कुटुंबे जागा रिकामी होण्याची वाट पाहतात. पात्र माणसाला जुन्या आकड्यापायी ताटकळत ठेवणे हा मला अन्याय वाटतो.

यावर म्हटले जाते की बंगलेवाल्यांची नावे काढा, जागा आपोआप होईल. अपात्रांना वगळायलाच हवे आणि ई-केवायसीने मृत, दुबार नावे गळतील, हेही खरे. पण गाळणी लावल्याने मर्यादा वाढत नाही. शिवाय अपात्र कोणाला म्हणायचे? ग्रामीण प्राधान्य कुटुंबासाठी 2013 मध्ये वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा 44,000 रुपये ठरली. रोजगार हमीची मजुरी आज दिवसाला 300 रुपयांवर आहे. घरातल्या एकाने 150 दिवस काम केले तरी कुटुंब ती उत्पन्नमर्यादा ओलांडते. त्याला सुखवस्तू कसे म्हणावे? दुसरा आक्षेप असा की या यादीबाहेरच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना सरकारने वाऱ्यावर सोडलेले नाही. नांदेड-लातूरसह 14 जिल्ह्यांत 2015 पासून त्यांना स्वस्त धान्य होते. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये रोख ठरले. पण बाजारभाव चढला की त्या रकमेत येणारे धान्य घटते. 5 किलो हे 5 किलोच राहतात.

इष्टांकाचा आकडा दिल्लीत बदलेपर्यंत अर्जदाराने अर्जाची पोच घ्यावी, नाव यादीत का नाही याचे कारण लेखी मागावे. उत्तर पटले नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. ती सोय अन्नसुरक्षा कायद्यातच आहे.