आपल्या बंदरावरचे थंडीतले पाहुणे

मित्रांनो, दिवाळी सरून पहाटे गारवा पडू लागला, की आपल्या हर्णै बंदरावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे दिसतात. मासळीचा लिलाव सुरू झाला, की ते होड्यांभोवती घिरट्या घालतात. यांचे नाव कुरव. काहीजण यांना बगळे म्हणतात. पण बगळ्याची मान आणि पाय लांब असतात. कुरवाचे पाय आखूड, आणि बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली. म्हणूनच तो पाण्यावर मजेत तरंगतो.

हे येतात तरी कुठून? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेटकडच्या सरोवरांजवळ घरटी करतो. लडाखमधले त्सो मोरिरी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंच आहे. थंडीत तिथले पाणी गोठते. मग खाणार काय? म्हणून ते समुद्राकाठी येतात. काळ्या डोक्याचा कुरव तर आणखी उत्तरेकडून येतो.

गंमत अशी, की थंडीत दोघांचीही डोकी पांढरीच असतात! डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका राहतो. मग ओळखायचे कसे? पंखांची टोके बघा. काळ्या टोकावर पांढरे ठिपके दिसले, तर तो पूर्ण वाढलेला तपकिरी डोक्याचा कुरव. मार्चच्या सुमारास डोक्याचा रंग परत येऊ लागला, की समजावे, पाहुणे निघाले.

पक्षी बघायला ओहोटी चांगली. तेव्हा ओल्या वाळूत किडे टिपायला तुतवार आणि चिखल्याही येतात. ओहोटीची वेळ काढायला घड्याळ नको, तिथी पुरे. शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल, तर ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, बाराच्या सुमारास, ओहोटी. पण वाळूत फार आत जाऊ नका, पाणी कधी चढते ते कळत नाही.

आता महत्त्वाचे. परतीच्या प्रवासाआधी हे पक्षी खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात. तीच त्यांची वाटेतली शिदोरी. आपण दगड मारून किंवा धावत जाऊन थवा उडवला, तर तेवढी शिदोरी वाया जाते. एकदा उडवले तर फार बिघडत नाही. पण दिवसभर प्रत्येकाने उडवले, तर ते खाणार कधी? लांब बसूनच बघावे.

पालकांनाही एक विनंती. फाटक्या जाळ्यांचे तुकडे आणि नायलॉनचा दोरा किनाऱ्यावर टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात आणि सुटत नाहीत.

आणखी एक. पक्षी कुठून कुठे जातात हे कळावे म्हणून मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालची संस्था काही पक्ष्यांच्या पायांत आकडा कोरलेले कडे घालते. मेलेल्या पक्ष्याच्या पायात असे कडे दिसले, तर पक्ष्याला हात लावू नका. आकडा दिसला तर लिहून घ्या, जागा आणि तारीख लिहा, आणि गुरुजींना सांगा. तुमच्या वहीतल्या त्या एका ओळीवरून एखाद्या पक्ष्याचा सारा प्रवास कळू शकतो, बरं का!