सुकन्याच्या पैशावर अमेरिकेत कर? आधी पासबुकावरचे नाव बघा

सुकन्या समृद्धी योजना जानेवारी 2015 मध्ये आली. खाते उघडायला मुलीचे वय जास्तीत जास्त दहा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला टपालात तेव्हा ज्यांनी खाती काढली, त्यांच्यातल्या थोरल्या मुली आता विशी ओलांडून इंजिनिअर होत आहेत आणि काहींच्या डोक्यात अमेरिकेतले एमएस आहे. म्हणूनच हल्ली एक बातमी कानोकानी फिरते: ‘खात्यातले पैसे तिकडे पाठवले की अमेरिका तीस टक्के कापून घेते.’

तीस टक्के हा आकडा खरा आहे, पण तो भलत्याच ठिकाणचा. अमेरिकन कंपनीचा लाभांश किंवा तसेच अमेरिकेत निर्माण झालेले उत्पन्न परदेशी माणसाला मिळाले, तर त्यातून 30 टक्के कापायचा तिथला सर्वसाधारण नियम आहे. भोकरदनच्या टपालात साठलेले व्याज अमेरिकेत निर्माण झालेले नाही. एफ-वन व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे तिथल्या कर खात्याच्या लेखी अनिवासी असतो आणि अनिवासी माणसाच्या भारतातल्या व्याजाशी अमेरिकेला कर्तव्य नाही. त्यामुळे शिक्षणासाठी सुकन्याची जी निम्मी शिल्लक काढता येते (दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर), ती काढून फी भरली तरी तिथे कर शून्य.

पैसे वडिलांच्या मुदत ठेवीतले असतील किंवा पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात विकलेल्या मिरचीचे असतील, तर प्रश्न आणखी सोपा. उत्पन्न वडिलांचे, आणि वडील अमेरिकेचे करदाते नाहीत. मुलीच्या हातात पडते ती भेट. भेट घेणाऱ्यावर अमेरिकेत आयकर नाही. शिवाय 1989 मध्ये दिल्लीत सही झालेल्या भारत-अमेरिका कर कराराच्या एकविसाव्या कलमात लिहिले आहे की, राहण्या-शिकण्यासाठी देशाबाहेरून आलेल्या पैशावर विद्यार्थ्याला तिथे कर नाही. भेटीच्या बाबतीत जपायचे ते इकडे. आईवडील, आजोबा, काका, मामा, मावशी हे आपल्या आयकर कायद्याने ‘नातेवाईक’ आहेत, चुलतभाऊ नाही. भावकीत याचा राग येईल, पण त्याने दिलेली रक्कम वर्षात पन्नास हजारांवर गेली की ती घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ठरते.

खरी कात्री लागते ती पैसे इथून निघताना, आणि लोक तिलाच अमेरिकेचा कर समजतात. भोकरदनच्या उत्खननात निघालेल्या हस्तिदंती मूर्तीसारखीच मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली आहे. तेव्हा तिकडे माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यांना बँकेचा ए-टू फॉर्म भरावा लागला नाही, पैसे बाहेर पाठवताना आपल्याला लागतो. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात. एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस घेते. पैसा बँकेच्या शैक्षणिक कर्जातला असेल तर तोही नाही. टीसीएस हा आगाऊ जमा केलेला कर आहे. विवरणपत्र भरले की तो हिशेबात धरला जातो आणि जास्तीचा परत मिळतो. गोम अशी की, शेतीच्या उत्पन्नावर कर नसल्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नसते. ‘आपल्याला कर लागत नाही’ म्हणून त्याही वर्षी गप्प बसले, तर हक्काचे पैसे सरकारकडेच राहतात.

‘कर नाही म्हणजे कागद नाही’ हाही गैरसमजच. एक डॉलरही कमावला नाही तरी विद्यार्थ्याने दरवर्षी फॉर्म 8843 भरायचा असतो: व्हिसा कोणता, कॉलेज कोणते, कोणत्या वर्षी किती दिवस देशात होतो. उत्पन्न नसेल तर मुदत 15 जून. कॅम्पसवर काम केले असेल तर तो पगार करपात्र आहे आणि 1040-एनआर हे विवरणपत्र लागते. त्यात त्याच एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, आपल्या मुलांनी सोडू नये.

मात्र ही सगळी निश्चिंती पाच वर्षांची, आणि ती वर्षे मोजायची रीत फसवी आहे. ऑगस्ट 2026 ला गेलेल्या मुलीचे 2026 हे पूर्ण एक वर्ष धरतात. म्हणजे 2030 ला पाच भरली. एमएसची दोन आणि ओपीटीची (शिक्षणानंतर त्याच व्हिसावर काम करण्याच्या परवानगीची) तीन वर्षे धरली तर 2031 मध्ये ती व्हिसाने विद्यार्थिनीच असेल, कराच्या बाबतीत मात्र निवासी. नोकरीचा एच-वन-बी व्हिसा आधी मिळाला तर आणखी लवकर: 1 ऑक्टोबर 2029 ला मिळाला, तर त्या वर्षाचे 92 दिवस भरतात, निवासी ठरायला ते पुरत नाहीत; पण 1 जानेवारी 2030 पासून ती निवासी.

त्या दिवसापासून जगभरचे उत्पन्न अमेरिकेला दाखवायचे. तिच्या नावच्या पीपीएफचे व्याज आपल्याकडे करमुक्त, तिथे नाही. अमेरिकेत शिक्षणासाठीच्या ‘529’ खात्याला सवलत आहे. आपल्या कोणत्याही योजनेला ती लागू होत नाही. आणि भारतात कर भरलेलाच नसल्याने त्याची वजावटही मागता येत नाही. मुलीच्या नावाने ‘चिल्ड्रन्स फंडा’त एसआयपी केली असेल तर ती निवासी होण्याआधी काढून घेतलेली बरी. परदेशी म्युच्युअल फंडांना तिथे पीएफआयसी म्हणतात. नफा मागच्या वर्षांवर वाटून त्या-त्या वर्षाच्या कमाल दराने कर आणि वर व्याज लावतात.

शेवटचा घोळ एकत्र खात्याचा. सोय म्हणून वडिलांच्या बचत खात्याला मुलीचे नाव जोडलेले असते. निवासी झाल्यावर तिच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरवर गेली, तरी एफबार नावाची माहिती भरावी लागते, आणि कापसाची पट्टी जमा झालेले वडिलांचे खाते त्यात पूर्ण रकमेने धरले जाते. कर एक पैशाचा नसतो. पण अनवधानाने राहिले तरी दंड 10,000 डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. नाव कमी करायला बँकेत एक अर्ज पुरतो, तो मुलगी सुट्टीत आली असताना तिच्या सहीने दिलेला सोपा.