ट्रॅक्टरच्या चाकात पाणी कशाला?

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागलं की काल्हेर येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आणि गोदामांपुढे कंटेनरच्या रांगा. तुम्ही घरबसल्या मागवलेली वह्या-खेळणी तुमच्या दारात येण्याआधी कदाचित याच पट्ट्यात मुक्काम करून आली असतील! पण हा सगळा मुलूख मुळात भाताचा. आजही भिवंडी तालुक्यात पावसाने जोर धरला की खाचरं तुडुंब भरतात आणि चिखलणीची घाई उडते.

आता गंमत बघा. रस्त्यावरचा एखादा दांडगा ट्रक, दोनशे हॉर्सपॉवरचा, त्या खाचरात उतरवला तर काय होईल? चाकं जागच्या जागी गरगर फिरतील, चिखल उडेल आणि स्वारी रुतून बसेल. आणि शेजारून वीस हॉर्सपॉवरचा चिमुकला ट्रॅक्टर फटफट करत निघून जाईल. ताकद दहापट कमी, तरी!

कारण नुसती इंजिनात ताकद असून भागत नाही. ती जमिनीपर्यंत पोचावी लागते. चाकाने जमीन धरली तर गाडी पुढे, नाहीतर सगळा जोर चिखल उडवण्यात फुकट. ट्रॅक्टरचं ते वेडंवाकडं रूप आहे ना, पुढे बारकी चाकं आणि मागे ढब्बू, ते या पकडीसाठीच. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो, म्हणून ती मोठी. मोठं चाक जमिनीला जास्त जागेवर टेकतं. त्यावरचे जाड तिरके पट्टे मातीत घुसतात आणि चाक फिरताना चिखल कडेला ढकलून देतात. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण काढलेला असतो. टायर उलटा बसवला, तर खाचांमध्ये चिखल थापून बसतो.

पकड वाढवायचा आणखी एक उपाय म्हणजे वजन. म्हणून तर कोरड्या, कडक जमिनीत नांगरट करताना मागच्या टायरमध्ये चक्क पाणी भरतात! मध्यम ट्रॅक्टरच्या एका टायरात शे-सव्वाशे लिटर पाणी मावतं. पाऊण टायर पाणी, वर हवा. हवा ठेवायचीच, कारण पाणी दाबलं जात नाही. सगळं पाणीच भरलं तर खड्ड्यातला दणका झेलणार कोण?

मग भाताच्या खाचरातही असंच वजन वाढवायचं का? छे! इथे उलटा कारभार. चिखलणी म्हणजे पाण्यात माती इतकी घोटायची की तिचे बारीक कण सुटे होऊन मातीतल्या फटी बुजवतात. खाली एक घट्ट थर धरला जातो आणि पाणी जिरायचं थांबतं. भाताला हेच हवं असतं. जड ट्रॅक्टर तो थर फोडून खाली जातो. मग त्याला बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवा, आणि बांधावर उभं राहून सल्ले द्यायला अख्खं गाव हजर! म्हणून चिखलणीला टायरमधलं पाणी काढून टाकतात आणि चाकांना लोखंडी केजव्हील लावतात. वजन फार वाढत नाही, पण चाक रुंद होतं आणि त्याच्या पट्ट्या चिखलात रुतून पुढे रेटतात.

समजा, तुमच्या काकांनी पहिला ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय. शोरूममध्ये शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती एच. पी.चा दाखवू?’ बैलाच्या एका जोडीची ताकद ढोबळमानाने एक हॉर्सपॉवर धरतात. म्हणजे वीसचा ट्रॅक्टर बांधावर वीस जोड्या उभ्या केल्यासारखा. ऐकूनच छाती फुगते आणि पन्नासचा घ्यावासा वाटतो. मला विचाराल तर काकांना आधी खाचरं मोजायला लावा. छोटी खाचरं आणि अरुंद बांध असतील, तर मोठा ट्रॅक्टर वळवतानाच बांध ढासळायचे. तिथे पंधरा ते पंचवीस हॉर्सपॉवरचा हलका गडीच कामाचा.

वळण्यावरून आठवलं. ट्रॅक्टरला ब्रेकची पॅडलं दोन असतात! एक उजव्या मागच्या चाकाचं, एक डाव्याचं. डावं दाबलं की डावं चाक थांबतं, उजवं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर कोपऱ्यात जवळजवळ जागच्या जागी वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पॅडलं कडी लावून एकत्र जोडायचीच. भर वेगात एकच चाक थांबलं तर ट्रॅक्टर पलटी खातो.

हलक्या ट्रॅक्टरलाही चांगली पकड कशी मिळवून द्यायची, हे कोडं आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने सोडवलं. नांगर नुसता मागे ओढत नेण्याऐवजी त्याने तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला आणि तेलाच्या दाबाने उचलायची सोय केली. जमीन नांगराला जितकी अडवते, तितका भार मागच्या चाकांवर येतो. म्हणजे काम वाढलं की पकडही आपोआप वाढते! एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांवर, चाकांना पट्टे चढवून. ट्रॅक्टर तिथवर गेले, पण नांगरायला काही नव्हतं!

आपल्याकडचा एक धागा तर अगदी जवळचा. काल्हेरहून खाडी ओलांडली, येऊरचा डोंगर मागे टाकला की पलीकडे मुंबईतली कांदिवली. 1963 साली महिंद्रने अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरला सोबत घेऊन ट्रॅक्टरची कंपनी काढली. कांदिवलीच्या कारखान्यातून ‘बी-275’ हे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. आज इमारतींनी गजबजलेल्या त्या भागातून नांगरटीची यंत्रं देशभर गेली.

तर ट्रॅक्टर घरी आला. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटून झाले. आता खरी कसोटी, तो नीट सांभाळायची. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. ते हवा सोळा-अठरा पट दाबतं. हवा इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. (सायकलच्या पंपाने जोरजोरात हवा भरा आणि पंपाचा खालचा भाग चाचपून बघा, तापलेला लागेल.) आता गणित करा. सव्वा लिटरचं इंजिन, मिनिटाला दोन हजार फेरे आणि दर दोन फेऱ्यांना एकदा पोटभर हवा. झाली ना मिनिटाला साडेबाराशे लिटर! मळणीचा भुसा आणि उन्हाळी नांगरटीची धूळ त्यातून आत गेली, तर इंजिन आतून घासून निघेल. म्हणून अनेक ट्रॅक्टरांत हवेच्या वाटेवर तेलाची वाटी ठेवलेली असते. हवा तेलापाशी झटकन वळून वर जाते. धुळीच्या जड कणांना तितक्या चटकन वळता येत नाही, ते तेलात पडतात. वाटी काढून बघितली की तळाशी काळा गाळ दिसतो. तो वेळेवर काढायचा आणि ताजं तेल घालायचं.

काल्हेरसारख्या खाडीकाठी आणखी एक शत्रू आहे, मीठ. खारट चिखल लोखंडाला लागून राहिला की गंज भराभर चढतो. काम संपलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं, सांध्यांना ग्रीस भरायचं. आणि तेलाची पट्टी ओढून बघायची. तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर कुठूनतरी आत पाणी शिरलंय. लगेच मेकॅनिक गाठा!

सर्व्हिसिंग कधी? मोटारसायकलचे किलोमीटर मोजतात, ट्रॅक्टरचे तास. बिचारा दिवसभर एकाच खाचरात फिरतो, किलोमीटर मोजून काय कळणार? पहिली सर्व्हिसिंग साधारण पन्नास तासांनी येते. पण जुन्या पद्धतीच्या तासमीटरची एक गंमत आहे. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन नेमून दिलेल्या वेगाने फिरलं तरच त्याचा तास साठ मिनिटांचा. संथ चाललं तर त्याचा तास लांबतो!

नवा परवडत नाही म्हणून काका जुना ट्रॅक्टर बघायला निघाले, तर तुम्हीही बरोबर जा. मालक म्हणेल, ‘फक्त सहाशे तास झालेत.’ मीटर वाचा, मग खाली वाकून क्लच आणि ब्रेकच्या पॅडलांकडे बघा. त्यांच्यावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील, तर काकांच्या कानात सांगा, ‘काका, मीटर काहीही म्हणो, पॅडल वेगळंच बोलतंय.’