रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृतीच्या पंखांसाठी आवरण-फिल्मची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात तसेच अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत विमान-प्रतिकृती तयार केल्या जातात. बाल्सा लाकडाच्या सांगाड्यावर पूर्वी कागद वा रेशीम ताणून त्यावर 'डोप' या द्रावणाचे थर दिले जात. पुढे उष्णतेने चिकटणारी व आकसणारी प्लॅस्टिक फिल्म रूढ झाली. तिची निवड पुष्कळदा केवळ रंग पाहून होते. वस्तुतः आवरण हा पंखाच्या रचनेचाच भार पेलणारा घटक असल्याने निवडीचा मुख्य निकष सांगाडा हाच असावयास हवा.

फिल्मचे प्रकार व ताठपणा :
मोनोकोट व ओराकव्हर या पॉलिएस्टर फिल्म होत; सोलरफिल्म पॉलिप्रॉपिलीनची होती. पॉलिएस्टर अधिक ताठ असते. त्यामुळे उघड्या फासळ्यांच्या पंखाला पीळ पडण्यास ते चांगला विरोध करते. पॉलिप्रॉपिलीन लवचीक असल्याने वक्र भागांवर सहज बसते. मात्र पंखाला त्यापासून मिळणारा ताठपणा कमी असतो. बाल्साच्या पातळ फळ्यांनी पूर्णपणे मढविलेल्या पंखाला ताठपणा लाकडाकडूनच मिळतो. तेथे हलकी फिल्म पुरेशी ठरते.

वजन :
पंखाचे क्षेत्रफळ 0.4 चौरस मीटर मानल्यास दोन्ही बाजू मिळून सुमारे 0.8 चौरस मीटर फिल्म लागते. प्रति चौरस मीटर 60 ग्रॅमच्या फिल्मचे वजन 48 ग्रॅम, तर 35 ग्रॅमच्या फिल्मचे 28 ग्रॅम भरते. हा 20 ग्रॅमचा फरक 2000 ग्रॅमच्या विमानात 1 टक्का, परंतु 400 ग्रॅमच्या ग्लायडरमध्ये 5 टक्के होतो.

उष्णता व आकुंचन :
पॉलिस्टायरीन फोम सुमारे 100 अंश सेल्सिअसला मऊ पडतो. म्हणून फोमच्या पंखासाठी कमी तापमानाला चिकटणारी फिल्मच योग्य होय. नाजूक सांगाड्यावर जोराने आकसणारी फिल्म लावल्यास पंख वाकतो. एका बाजूचा ताण अधिक झाल्यास पंखाला पीळ पडतो आणि विमान सतत एका अंगाला कलते. यास्तव प्रथम खालची व नंतर वरची बाजू मढवून दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या थोड्या ताणाव्यात.

समारोप :
सांगाडा, वजन आणि उष्णता हे तीन निकष लावल्यानंतरच रंगाचा विचार करावा. तोही निव्वळ शोभेचा नाही : वरच्या व खालच्या बाजूंचे रंग ठळकपणे भिन्न असल्यास दूरवरच्या विमानाची स्थिती चालकाला तत्काळ ओळखता येते. अंतिम निर्णयापूर्वी टाकाऊ तुकड्यावर इस्त्रीचे तापमान पडताळून पाहणे हितावह ठरते.