देवदर्शनाची वाट आणि वेळेवरचे ताट

मागील वर्षी मार्गशीर्षातील एका दुपारी नगर-मनमाड रस्त्यालगतच्या माझ्या दवाखान्यात एका सत्तरीच्या आजोबांना चौघांनी हातांवर उचलून आणले. अंग घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध झाले होते. विदर्भातून शिर्डीच्या दर्शनासाठी आलेले हे कुटुंब होते. ‘रांगेत उभे राहून थकले असतील,’ असे मुलाचे म्हणणे होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले, तर साखर अवघी ४८ मिलिग्रॅम भरली.

चौकशी करता सारा उलगडा झाला. आजोबांनी नेहमीप्रमाणे सकाळी सात वाजता मधुमेहाची गोळी घेतली होती. दर्शनापूर्वी अन्न घ्यायचे नाही, म्हणून सोबत केवळ बिनसाखरेचा चहा. पुढे तीन तास रांग, त्यानंतर गर्दीने भरलेले हॉटेल. ताट समोर येण्यापूर्वीच आजोबा खुर्चीत कलंडले. शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावर ते सावध झाले. अशा गोळीचा अंमल बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून काही खाऊ घालून त्यांना देखरेखीसाठी रुग्णालयात पाठविले.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डी, शिंगणापूर, सिद्धटेक, मोहटादेवी आणि भंडारदरा येथे बाहेरगावचे पाहुणे सतत येत असतात. त्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. वृद्धांनी प्रवास टाळावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र घरचे स्वयंपाकघर मागे राहिले की जेवणाची वेळ आपल्या हाती राहत नाही, याचे भान सोबत्यांनी ठेवावे.

गोळी आणि ताट यांची सांगड

जेवणापूर्वी घ्यावयाची मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन प्रवासात ताट समोर आल्यावरच घ्यावे. ‘पाच मिनिटांत आणतो’ या शब्दावर विसंबू नये. उपवास करावयाचा असल्यास औषधात कोणता बदल करावा, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. परस्पर औषध बंद करू नये.

सोबत्याच्या पिशवीत साखर, बिस्किटे आणि फुटाणे असावेत. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजावी. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, बरे वाटल्यावर जेवू घालावे आणि डॉक्टरांना दाखवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काय मागवावे?

पाहुण्यांसमोर पदार्थांची भली मोठी यादी येते आणि मलईदार भाज्या व तंदुरी रोटी मागविली जाते. वास्तविक या मातीतील जेवण वृद्धांना अधिक मानवते. बाजरीची भाकरी, पिठले, मेथीची भाजी, हुलग्याचे शेंगोळे हे पदार्थ आवर्जून विचारावेत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांचे बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच परंपरेची दखल होय.

दात नसतील वा कवळी सैल असेल, तर गरम भाकरी आमटीत कुस्करून, मऊ होऊ देऊन सावकाश खावी आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. कर्जत-जामखेडकडील झणझणीत शिपी आमटी चाखावी, परंतु वरचा तवंग बाजूला सारून. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा, अधिक नसावे. लोणचे, पापड आणि ठेचा एकाच ताटात आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी तिन्हींना हात आखडता घ्यावा.

वाफाळते ते सुरक्षित

नुकतेच शिजविलेले, वाफाळते अन्न हे बाहेरच्या जेवणातील सर्वांत विश्वासार्ह होय. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ तबकड्यांची, सूर्याच्या उष्णतेवर वाफ निर्माण करणारी यंत्रणा सुरू झाली. तेथे मोठ्या प्रमाणावर रांधलेले अन्न पंगतीपंगतीने लगेच वाढले जाते. चिरून ठेवलेली कोशिंबीर, उघडी चटणी आणि बर्फ मात्र कोठेही टाळावा. रसवंतीवरील उसाचा रस मधुमेहींसाठी नव्हे. इतरांनीही तो बर्फाविना घ्यावा. जुलाब लागल्यास जलसंजीवनी सुरू करावी. लघवी वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

प्रसादाचा गोड पदार्थ आला तर मधुमेहींनी काय करावे? प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्णच असतो. प्रथम भाजी-वरण, मग पोळी-भात आणि शेवटी तो कण, असा क्रम ठेवावा.

त्या दुपारी आजोबा सावध झाल्यावर आजींनी मला हलकेच विचारले, “डॉक्टर, मीच म्हणाले होते, दर्शन झाल्यावर खाऊ. माझंच चुकलं का हो?” मी त्यांना म्हणालो, “आजी, तुमच्या भक्तीत काही चुकलं नाही. पण बाबा स्वतः उपवास करीत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत, असं ‘श्रीसाईसच्चरिता’त दाभोलकरांनी लिहून ठेवलं आहे. पुढच्या खेपेला यांना आधी खाऊ घाला, मग रांगेत उभे राहा.”

आजींनी डोळे पुसले आणि मुलाकडे पाहून म्हणाल्या, “ऐकलंस ना? आता पिशवीत डबा मीच ठेवणार.”