मूठभर डायनासोर, आयुष्यभराचा आनंद

डायनासोरच्या प्रतिकृती जमवताना विज्ञान कसं बदलत गेलं, तेही हातात धरून पाहता येतं! 🦕

इग्वानोडॉनच घ्या. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत उभारलेल्या त्याच्या पुतळ्याच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळसा खाणीत त्याचे सांगाडे सापडले आणि उलगडा झाला: ते 'शिंग' म्हणजे अंगठ्यावरचा काटा!

स्पायनोसॉरसच्या शेपटीचा रुंद, वल्ह्यासारखा आकार तर २०२० मध्ये समोर आला. म्हणून जुन्या प्रतिकृती टाकू नका, नव्यांशेजारी मांडा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी:
🔸 एकच प्रमाण धरा. १:४० मध्ये १२ मीटरचा प्राणी ३० सेंटिमीटरचा होतो.
🔸 पोटाखाली किंवा पायाच्या तळव्यावर कंपनी आणि वर्ष कोरलेलं असतं. वहीत टिपून ठेवा.
🔸 थेट ऊन टाळा, रंग उडतो.

आणि आपला इसिसॉरस विसरू नका! त्याचे जीवाश्म चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे. मुलांसोबत तो शाडूचा घडवून पाहा. कपाटातली त्याची जागा तुम्हाला सगळ्यात लाडकी होईल. ❤️

तुमच्या संग्रहातला पहिला प्राणी कोणता?